शाल राहू द्या, खिडकीकडे बघा

प्रति,
नागपूर शहरातील महाविद्यालयांचे प्राचार्य, प्राध्यापक आणि प्रवेशाच्या खिडकीमागे बसणारे सगळे बाबू व मॅडम यांना,

विषय : मोठ्या वयात कॉलेजात आलेल्यांच्या भीतीबाबत.

सप्रेम नमस्कार.

८ मार्चच्या कार्यक्रमासाठी मला एका महाविद्यालयातून निरोप आला. महिला दिनाला माझा सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं आणि मी पंधरा मिनिटं बोलायचं. विषय त्यांनीच ठरवला होता : 'वाढतं वय, शिक्षण आणि भीतीवर मात'. निमंत्रण प्रेमाचं होतं, मी नकारही प्रेमानेच दिला. मला जे बोलायचं होतं ते समोर बसलेल्या मुलींच्या फारसं कामाचं नव्हतं, मंचावर बसलेल्यांच्या कामाचं होतं. आणि ज्यांची शाल पांघरायची त्यांनाच माईकवरून सुनवायचं, हे काही मला जमलं नसतं. म्हणून लिहून कळवते.

मी कोण, ते आधी सांगते. नंदनवन भागात माझी मेस आहे. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, यवतमाळकडची पोरं-पोरी शिकायला नागपुरात येतात, खोल्या करून राहतात, त्यांना दोन वेळचं जेवण मी देते. काही डिग्रीवाले, काही वर्षानुवर्षं एमपीएससी करून राहिलेले. १९९९ साली उमरेडहून बारावी झाले, लग्न होऊन इकडे आले, आणि पुढचं शिक्षण 'बघू' या एका शब्दावर थांबलं. २०२४ च्या जुलैत मी बी.ए.ला प्रवेश घेतला. अर्थशास्त्र मेजर, मानसशास्त्र मायनर. सध्या चौथं सत्र सुरू आहे. वय ४५.

तुम्हा लोकांचा असा समज दिसतो की आम्हाला परीक्षेची भीती वाटते. परीक्षा फार पुढची गोष्ट झाली हो. भीती घरून निघतानाच सुरू होते. साडी नेसावी तर मॅडम वाटू, ड्रेस घालावा तर 'काय पोरगी व्हायला निघाली' हे कुणीतरी म्हणणारच. वह्या बाजाराच्या पिशवीत न्याव्या की पोराची जुनी सॅक घ्यावी? पहिल्या बाकावर बसलं तर फार शहाणी, शेवटच्या बाकावर बसलं तर मग आलीच कशाला. हजेरी घेताना आपलं नाव आलं की वर्गात हसू फुटेल का? नोट्स व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात म्हणे, त्या ग्रुपात आपल्याला घ्या असं विशीच्या पोरांना कोणत्या तोंडाने सांगायचं? माझा मुलगा तेव्हा स्वतःच कॉलेजात होता. त्याने विरोध केला नाही, फक्त एवढंच म्हणाला, "आई, माझ्या कॉलेजात नको घेऊ." मला राग आला नाही. त्याच्या जागी मी असते तर तेच म्हटलं असतं. सासूबाईंनी विचारलं, "आता कायले वं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही नीटसं नाही. शिकावंसं वाटत होतं, इतकंच.

ही सगळी भीती माझी स्वतःची. तिचं मी बघून घेतलं असतं, घेतलंही. पण या भीतीत निम्मी भर तुमच्या खिडकीवर पडते, ती कशी ते ऐका.

मी फॉर्म घेऊन खिडकीवर गेले. बाबूंनी मान वर न करता विचारलं, "मुलगी कुठे आहे? तिची सही लागते." मी म्हटलं, फॉर्म मुलीचा नाही, माझाच आहे. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "सर, हे बघा." त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी आजही सांगेन. पण मागच्या रांगेतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग विचारणा झाली की गॅप किती. पंचवीस वर्षं म्हटल्यावर ते थोडे थांबले, कुणाला तरी फोन लावला, आणि प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणाले.

सिव्हिल लाईन्सला कोर्टाच्या आसपास टायपिंगवाले बसतात. त्यांच्याकडे मजकूर तयारच असतो, नाव आणि साल तेवढं बदलतात. वरील कालावधीत मी कोणत्याही शैक्षणिक संस्थेत प्रवेश घेतला नव्हता, तसेच कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी नव्हते, असं मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते. टायपिंगवाले भाऊ भले होते. त्यांनी विचारलं, "वहिनी, मधात काही नोकरी-बिकरी? टाकायची का?" मी म्हटलं, मेस चालवते. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "राहू द्या. उगीच गडबड होते."

तर माझ्या पंचवीस वर्षांबद्दल तुमच्या फायलीत आज एवढंच आहे की मी शिकत नव्हते आणि गुन्हा करत नव्हते. मधल्या काळात दोन लेकरं वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, कर्ज काढून गॅसची भट्टी घेतली आणि फेडली, शेकडो पोरांना जेवू घातलं, यातलं काही लिहायला त्या कागदावर जागा नाही. कागद लागतो हे मला मान्य आहे. बोगस प्रवेश होतात, तुम्हालाही वर उत्तर द्यावं लागतं. पण तो कागद मागायची एक तऱ्हा असते. खिडकीवर एक छापील चिठ्ठी जरी लावली की शिक्षणात खंड असलेल्यांनी अमुक नमुन्यात प्रतिज्ञापत्र, बारावीची मार्कलिस्ट आणि टीसी आणावी, बी.ए.ला वयाची अट नाही, तरी माणूस रांगेत सगळ्यांसमोर उलटतपासणीला उभा राहत नाही.

ही बारीक गोष्ट वाटत असेल तर एक उदाहरण देते. माझ्या ओळखीची एक आशा वर्कर आहे. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी ती तोंडावर वाद घालते, मध्यरात्री बाळंतीण घेऊन दवाखान्यात जाते, पावसात घरोघर सर्वे करते. ती खिडकीवरच्या 'गॅप किती?' या प्रश्नाला परत फिरली. घरी जाऊन म्हणाली, गर्दी होती, पुढच्या वर्षी बघू. तिला अभ्यासाची भीती नव्हती, अभ्यासापर्यंत ती पोचलीच नाही. असे किती जण दरवर्षी रांगेतून घरी जातात याची नोंद तुमच्याकडे असणार नाही, कारण ज्याचा फॉर्म भरला गेला नाही तो कोणत्याच रजिस्टरात येत नाही.

"मग बाहेरून का नाही करत?" हे मला जवळजवळ प्रत्येकाने विचारलं. त्यात तुमच्यापैकीही काही होते. मुक्त विद्यापीठांचा मला आदरच आहे. इग्नू १९८५ ची, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, दोघांचीही विभागीय केंद्रं नागपुरात आहेत, आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कितीतरी लोकांना त्यांनी पदवीपर्यंत नेलं. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी काढलेली माणसं तर आपल्या प्रत्येक वस्तीत सापडतील. पण मला बाक हवा होता. समोर शिकवणारा माणूस, शेजारी शिकणारं कुणी, आणि न समजलेलं तिथल्या तिथे विचारायची सोय. ही हौस आहे म्हणा. हौस पूर्ण करायला वयाचा दाखला लागू नये.

आता वर्गाबद्दल.

पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर एक ओळखीचं तोंड दिसलं. माझ्या मेसवर जेवणारा पोरगा. त्याच्याकडे माझी दोन महिन्यांची उधारी. तो मला टाळत होता उधारीमुळे, मी त्याला टाळत होते लाजेमुळे, आणि असे आम्ही दोघं बरेच दिवस वर्गाच्या दोन टोकांना बसलो. शेवटी त्यानेच येऊन विचारलं, "काकू, एबीसी आयडी काढला का?" मला वाटलं हे काहीतरी उधारीचंच असेल. निघालं ते अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं, पास झालेल्या विषयांची क्रेडिट्स जिथे जमा होतात ते. डिजिलॉकर, ओटीपी, आधारवरचा मोबाईल नंबर, नावाचं स्पेलिंग मार्कलिस्टवर वेगळं आणि आधारवर वेगळं, या सगळ्यातून त्यानेच मला बाहेर काढलं. उधारीचं काय ठरलं ते आमच्यात राहू द्या.

पण त्या क्रेडिट बँकेबद्दल तुम्हाला एक विचारायचं आहे. नव्या शैक्षणिक धोरणात आमच्यासारख्यांच्या सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे, आणि ती खिडकीवर कुणीही सांगत नाही. पहिलं वर्ष करून, ठरलेल्या अटी पूर्ण करून थांबलं तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. कमावलेली क्रेडिट्स सात वर्षांपर्यंत खात्यात राहतात. विशीच्या मुलाला याचं विशेष वाटणार नाही, तो थांबायला आलेलाच नसतो. माझ्या वयाच्या बाईला मात्र पहिल्या दिवसापासून एकच हिशेब छळत असतो : घरात कुणी अंथरुणाला खिळलं तर? मुलीचं लग्न ठरलं तर? तीन वर्षं सलग निघतील कशावरून, आणि मध्येच सोडावं लागलं तर लोक म्हणतील, सांगितलं होतं. केलेलं वर्ष पाण्यात जात नाही, परत येता येतं, हे मला पहिल्या सत्राच्या शेवटी कळलं, तेही मेसवर जेवताना दोन पोरं बोलत होती म्हणून. प्रवेशाच्या दिवशी तुमच्यापैकी कुणी हे दोन मिनिटांत सांगितलं असतं तर तेवढं सत्र मी जरा कमी जागून काढलं असतं.

अभ्यासाची शंका मात्र खरी होती, ती तुमच्यामुळे आली नव्हती. एक पान वाचायचं, उलटायचं आणि आधीच्या पानावर काय होतं ते आठवायचं नाही. परत वाचायचं. तिसऱ्यांदा वाचताना स्वतःचीच चीड यायची. हात तर असा आखडायचा की विचारू नका, कारण इतक्या वर्षांत हिशेबाच्या वहीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. 'मेंदू गंजला' असं मी उघड म्हणायला लागले होते.

मानसशास्त्राच्या मॅडमनी एक दिवस वर्गात सांगितलं की आकडे-अक्षरं झटपट जुळवण्याचा, नवं कोडं सोडवण्याचा वेग तरुणपणातच उतरायला लागतो. पण शब्दसंग्रह, जगण्यातून आलेली समज, एका गोष्टीचा दुसरीशी संबंध लावणं हे मध्यम वयातही वाढत असतं. रेमंड कॅटेल आणि जॉन हॉर्न यांनी या दोन वेगवेगळ्या बुद्धिमत्ता मानल्या, एक प्रवाही आणि दुसरी स्फटिक. मॅडमनी हे मला उद्देशून म्हटलं नव्हतं, त्या आपला धडा शिकवत होत्या. मी मात्र वहीत त्याखाली दोन रेघा ओढल्या. वेग कमी झाला आहे, बाकी जागेवर आहे, असं डॉक्टरने रिपोर्ट बघून सांगावं तसं वाटलं.

बाकी जागेवर आहे याचा पुरावा अर्थशास्त्राच्या तासाला मिळाला. घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम सुरू होता, म्हणजे एकच वस्तू जसजशी जास्त मिळते तसतसं पुढच्या नगाचं समाधान कमी होतं. उदाहरण नेहमीचंच, भुकेल्या माणसाची पहिली भाकरी, दुसरी, तिसरी. वर्ग पेंगत होता. मी सावरून बसले, कारण अनलिमिटेड थाळी विकणारा प्रत्येक जण याच नियमावर पोट भरतो. पहिल्या दोन पोळ्यांवर तुटून पडणारा पोरगा पाचवीला ताटावर हात आडवा धरतो, म्हणून तर 'पाहिजे तितकं खा' अशी पाटी लावायची हिंमत होते. रविवारच्या फीस्टला भजी आधी वाढायची की पुऱ्या, यावर माझा त्या दिवसाचा नफा ठरतो. पुढे मागणीची लवचिकता आली, म्हणजे भाव बदलला की मागणी किती हलते ते. तूरडाळ कडाडली तेव्हा मी महिन्याचा रेट वाढवला होता. कोण गळालं, कोण कुरकुर करत राहिलं, मला तोंडपाठ आहे. ज्यांच्या गल्लीत दुसरी मेस होती ते गेले, ज्यांना जवळपास पर्याय नव्हता ते राहिले. पर्याय जितके जास्त तितकी मागणी लवचिक, हे वाक्य मी पुस्तकात त्यानंतर कितीतरी वर्षांनी वाचलं.

सरांनी विचारलं, कुणाला उदाहरण सुचतं का? मी हात वर केला नाही. उत्तर येत होतं, तरी केला नाही. आत्मविश्वास नसणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी तो तास सांगेन. माहिती सगळी होती, पण ती या खोलीत चालते याची खात्री नव्हती. १९७८ साली पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बायांनी लिहिलं होतं की शिक्षणात, नोकरीत नाव काढलेल्या कितीतरी स्त्रियांनाही आतून वाटतं, आपण इथे चुकून आलो, एक दिवस पकडले जाऊ. त्या बायांनी निदान काहीतरी कमावलेलं होतं. आमच्याकडे तर दाखवायला बारावीची पिवळी पडलेली मार्कलिस्ट. पण कुणीतरी येऊन बाकावरून उठवेल, ही धास्ती तीच.

आणि ती धास्ती गेली कशाने? हे मी नीट सांगते, कारण सत्काराच्या भाषणात नेमकं हेच तुम्हाला हवं होतं. ती कुणाच्या भाषणाने गेली नाही. 'जिद्द', 'उंच भरारी', 'वय हा फक्त आकडा' हे शब्द मला पहिल्या महिन्यात इतक्यांनी ऐकवले की प्रत्येक शब्दाने ओझंच वाढलं. आता नापास झालो तर या सगळ्यांच्या कौतुकाचं काय करायचं? धास्ती गेली ती एका तपासलेल्या पेपरने. पहिली चाचणी झाली. एका सरांनी सगळ्यांचे पेपर परत दिले, समासात लाल पेनने लिहून. मला वीसपैकी अकरा. पहिल्या उत्तराशेजारी लिहिलं होतं, 'उदाहरण उत्तम. व्याख्या अपुरी.' तिसऱ्याशेजारी, 'आकृती कुठे?'

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं, आपल्याला जमणार नाही. त्या दिवशी कळलं की मला व्याख्या आणि आकृत्या जमत नाहीत. हे दोन अगदी वेगळे त्रास आहेत. पहिल्यावर उपाय नाही, दुसऱ्यावर रात्री दहानंतर भांडी आवरून बसलं की उपाय सुरू होतो.

उपायही मानसशास्त्राच्या तासातूनच मिळाला. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे माझं ते तीन-तीनदा वाचणं आणि स्वतःवर चिडणं, दोन्ही फुकट होतं. मग मी मेसचा फळा वापरायला घेतला. 'आजची भाजी : वांगं-बटाटा' याच्या खाली एका कोपऱ्यात संज्ञा लिहायची, 'संधी खर्च' किंवा 'मक्तेदारी'. ताट वाढून घेताना ज्याला वाटेल त्याने मला व्याख्या विचारायची, मी न बघता सांगायची. चुकले तर त्याला पापड जास्तीचा. पोरांनी मला अडवायला पाठ्यपुस्तकं वाचली असतील, आणि माझे पापडही बरेच गेले. एमपीएससीवाल्यांचा फायदा झाला तो वेगळाच.

हे पत्र माझ्यासारख्या कुणाच्या हाती पडलं तर त्यांच्यासाठी जाता जाता दोन गोष्टी. रोज एक पान हाताने लिहा, काहीही लिहा, पण सलग लिहा, नाहीतर परीक्षेत डोकं चालेल आणि बोटं संप करतील. आणि वर्गातल्या सगळ्यात लहान पोराशी आधी ओळख करा, सगळ्यात हुशार पोराशी नाही. हुशार पोरगा उत्तर देतो, लहान पोरगा बाजूला बसून मोबाईलवर करून दाखवतो. बाकी धीर वगैरे आपोआप येतो. गेल्या मारबतीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला, महाल भागातल्या गर्दीत आमच्या वर्गातली पोट्टी ओरडत होती, 'एटीकेटी घेऊन जाय गे मारबत!' मीही त्यांच्यात मिसळून, पदर खोचून, इंग्रजीच्या पेपरची पीडा तिच्या हवाली केली. तिने नेली असं नाही म्हणता येणार, पण ओरडून बरं वाटलं.

पुन्हा तुमच्याकडे वळते. ज्या सरांनी पेपर परत दिले ते एकटेच होते. बाकी विषयांचे इंटर्नलचे गुण थेट पोर्टलवर चढले. आकडा कळला, चूक कळली नाही. तरुण मुलांचंही यात नुकसानच आहे, पण त्यांना बारावीचे पेपर लिहून काही महिनेच झालेले असतात, आपण कुठे आहोत याचा अंदाज असतो. आम्हाला शेवटचं कुणी तपासलं त्याला पाव शतक होऊन गेलेलं असतं. पहिल्या महिन्यात एक छोटी चाचणी घ्या, हवं तर गुण धरू नका, पण कागद तपासून हातात द्या. शंभर व्याख्यानांनी होणार नाही ते काम होईल.

दुसरं, हजेरी. ७५ टक्क्यांचा नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. मेसवाली म्हणून मला खाड्यांचं शास्त्र चांगलं कळतं. आदल्या दिवशी सांगितलेला खाडा मी धरते, न सांगता मारलेला धरत नाही. सांगणाऱ्याला सवलत आणि बुडवणाऱ्याला नाही, एवढा साधा हा व्यवहार. तुमच्याकडे सांगायलाच कुणी नाही. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तेव्हा मी अर्ज घेऊन ऑफिसात गेले, तर विद्यार्थिनीच्या पालकांची सही आणा म्हणाले. माझे वडील जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटी नवऱ्याची सही चालली. ४५ वर्षांच्या बाईच्या रजेच्या अर्जावर तिचीच सही का चालू नये, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

आणि वेळापत्रक. सकाळचे वर्ग ठेवा. हे काही मी नवीन मागत नाही. १९४६ साली डॉ. बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून सकाळी वर्ग भरवले. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात दिवसभर राबणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रात्रीची शाळा चालवली. कामकरी माणूस शिकायला येईल तर कोणत्या वेळी येईल, हा प्रश्न त्यांनी आधी विचारला आणि शाळेची वेळ नंतर ठरवली. आपण वेळ आधी ठरवतो, आणि येऊ न शकलेल्याला शिक्षणाची आवड नाही असं म्हणून मोकळे होतो.

लांबचीच उदाहरणं कशाला, माझ्याच उमरेडला जन्मलेल्या जाईबाई चौधरी घ्या. लहानपणी लग्न झालं, पोटासाठी नागपुरात हमाली केली, ओझी वाहिली. कुणा मिशनरी बाईंच्या मदतीने शिक्षिकेची नोकरी मिळाली, तर अस्पृश्य बाई शिकवते म्हणून लोकांनी विरोध केला आणि ती नोकरी गेली. १९२२ साली त्यांनी संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. आपलं नागपूर विद्यापीठ त्याच्या पुढच्या वर्षीचं, १९२३ चं. विद्यापीठाची शताब्दी २०२३ मध्ये झाली, ती व्हायलाच हवी होती. पण डोक्यावर ओझं घेतलेली बाई शाळा काढते त्या गावात, हातात मार्कलिस्ट घेतलेली बाई खिडकीवरून परत जाते, याचा हिशेब कोणत्या समारंभात बसवायचा?

सगळंच वाईट आहे असं मी लिहिलं तर खोटं होईल. ग्रंथालयातल्या ताई माझ्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा बाजूला काढून ठेवतात. एका प्राध्यापिकेने मला पहिल्या दिवसापासून नावाने हाक मारली, 'काकू' नाही आणि 'आमच्या आदर्श विद्यार्थिनी' तर मुळीच नाही. याचा मला किती आधार झाला ते त्यांना बहुतेक माहीत नसेल. वर्गात मोठ्या वयाचं कुणी असलं की उठसूट त्याचं उदाहरण देऊ नका, एवढं मात्र सगळ्यांना सांगावंसं वाटतं. 'बघा, या वयात त्या येतात आणि तुम्ही दांड्या मारता', असं म्हटलं की पोरं दांड्या मारायच्या थांबत नाहीत, फक्त माझ्याशी बोलायची थांबतात. मला वर्गाच्या बाहेर काढायचा तो सगळ्यात सभ्य मार्ग आहे. त्यापेक्षा कधीतरी विचारा, तुमच्या धंद्यात हे कसं होतं? वर्गात रिक्षा चालवलेला, दुकान सांभाळलेला, दवाखान्यात रात्रपाळी केलेला माणूस बसला असेल तर अर्थशास्त्राच्या तासाला तो तुमच्याच कामाचा आहे.

आता व्यवहाराचं बोलते. शाल-श्रीफळाचा खर्च वाचला आहे, त्यात खिडकीजवळ एक टेबल आणि दोन खुर्च्या होतात. प्रवेशाच्या काळात पहिले पंधरा दिवस तिथे 'शिक्षणात खंड असलेल्यांनी इथे यावे' अशी पाटी लावा. एका खुर्चीवर मी बसते. सकाळची वाढणी आटोपून साडेअकराला येईन आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाला चारपर्यंत सुटेन. प्रतिज्ञापत्राचा नमुना, एबीसी आयडी, टीसी हरवली असेल तर काय करायचं, मध्येच थांबावं लागलं तर काय मिळतं, हे सगळं मी सांगेन. मोबाईलवर फॉर्म भरायला त्या उधारीवाल्या पोराला बसवू, त्याने कबूल केलं आहे. मानधन नको. कोणतंही कॉलेज चालेल, फक्त मेट्रोने जाता आलं पाहिजे, मला गाडी चालवता येत नाही.

प्रवेश जूनमध्ये सुरू होतील. त्याआधी कळवा, म्हणजे मेसवर बदली बाई बघता येईल.

आपली,
बी.ए. चौथ्या सत्राची एक विद्यार्थिनी
नंदनवन, नागपूर